पूर येण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होणारे काम

प्रश्न: हवामानशास्त्रज्ञ आणि जलशास्त्रज्ञ वादळ किंवा पूर थांबवू शकत नाहीत. मग लोकांना आपत्तीसाठी तयार करण्यात त्यांचा वाटा नेमका काय? अंदाज दिला की त्यांचे काम संपते का?

उत्तर: अंदाज हा आमच्या कामाचा सर्वांत जास्त दिसणारा भाग आहे, एवढेच. नद्यांच्या पुराचे अंदाज काढण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. उद्या नदी किती चढेल हे सांगणे अवघड असतेच, पण नदी इतकी चढली तर कुणी काय करायचे हे ती शांत असताना ठरवून घेणे त्याहून अवघड असते. जीव वाचतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या कामामुळे. म्हणून उत्तर अंदाजापासून सुरू न करता त्याच्या बरेच मागून सुरू करते.

पहिले काम मोजण्याचे, आणि ते कंटाळवाणे असते. पुलाच्या खांबाला रंगवलेली मोजपट्टी, शेजारी पाण्याची पातळी आपोआप टिपणारे यंत्र, पाणलोट क्षेत्रात विखुरलेली पर्जन्यमापके. पातळी वाचणे सोपे आहे, पण आम्हाला हवा असतो विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती घनमीटर पाणी जाते आहे तो आकडा. तो रोज उठून मोजता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांना प्रवाहाचा वेग आणि पात्राचा छेद प्रत्यक्ष मोजायचा, त्यावरून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख बसवायचा, आणि एरवी नुसती पातळी वाचून आलेखावरून विसर्ग काढायचा, अशी पद्धत आहे. गोम अशी की हा आलेख मधल्या पातळ्यांना भरवशाचा असतो आणि महापुराच्या टोकाला, म्हणजे जिथे त्याची खरी गरज तिथेच, सर्वांत कच्चा. महापुरात ओंडके वाहत असतात, होडी घालता येत नाही, पाणी पात्र सोडून शेतांत पसरलेले असते, आणि कधी कधी मोजपट्टीच वाहून जाते. आलेखाचे वरचे टोक त्यामुळे बरेचदा खालच्या मोजणीवरून पुढे ओढलेले असते. त्यात गाळ साचला, वाळू उपसली, नवा पूल झाला, की जुना आलेख चुकीचा ठरतो. सलग मोजणी चालू ठेवायला दर वर्षी पैसा लागतो, आणि ज्या वर्षी पूर येत नाही त्या वर्षी हाच खर्च कापायला सर्वांत सोपा वाटतो.

जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात जुलै २०२१ मध्ये जे झाले त्यात हे सगळे एका ठिकाणी दिसते. युरोपच्या सामाईक पूर-सूचना यंत्रणेने त्या भागातल्या नद्यांबद्दल काही दिवस आधीपासून सूचना द्यायला सुरुवात केली होती. तरी एकट्या आर खोऱ्यात १३० हून अधिक माणसे गेली, देशात १८० हून अधिक. आल्टेनआर गावाजवळचे पातळीमापक केंद्र त्याच रात्री पुराने उखडले, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी नदीची बातमी बंद. पण मला जास्त बोचते ती दुसरी गोष्ट. त्या नदीच्या यंत्रनोंदी विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या, आणि धोक्याचे नकाशे प्रामुख्याने त्यांच्यावर बेतलेले. त्याच नदीला १८०४ आणि १९१० साली भयंकर पूर आले होते, हे इतिहासाच्या कागदांत होते. यंत्राच्या नोंदीत नव्हते. सत्तरेक वर्षांची नोंद आकडेशास्त्राला पुरेशी वाटते, नदीला ती थोडी असते. म्हणून आता अनेक ठिकाणी जलशास्त्रज्ञ जुन्या इमारतींवर कोरलेल्या पूरखुणा, दप्तरातल्या नोंदी, नदीकाठच्या गाळाचे थर, जे मिळेल ते तपासून यंत्राच्या आधीचे पूर हिशेबात घेतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसाने “पाणी या पायरीपर्यंत आले होते” असे दाखवले तर ती पायरी उपकरण लावून मोजून घ्यावी, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्या वर्षीच शिकवतो.

या नोंदींवरून निघतो तो “शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर”. हा शब्दप्रयोग जितका पसरला तितकाच चुकीचा समजला जातो. त्याचा अर्थ, कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता एक टक्का. गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदा सुटका, असे नाही. तीस वर्षांचे गृहकर्ज घेऊन अशा पुराचे पाणी जिथवर पोचते त्या रेषेवर घर बांधले तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारांत एक. मी आता लोकांशी बोलताना शंभर वर्षांची भाषा टाळते आणि हा चारांत एकचा हिशेब मांडते. खोलीतली शांतता लगेच बदलते.

पूररेषेचे नकाशे इथून तयार होतात. त्यांचा उपयोग घरे कुठे बांधू नयेत एवढ्यापुरता नाही. रुग्णालयाचे जनित्र तळघरात ठेवायचे की पहिल्या मजल्यावर, विजेचे उपकेंद्र कुठे, पाणी शुद्धीकरण केंद्राचे पंप किती उंचावर, सुटकेचा रस्ता कुठल्या पुलावरून जातो आणि तो पूल आधी बुडतो का, हे सारे या नकाशावर ठरते. ज्या ठिकाणी बांधकाम परवानगी देणारा माणूस हा नकाशा उघडून बघत नाही, तिथे नकाशा असून नसल्यासारखा.

लिबियातल्या डेर्ना शहराच्या वरच्या अंगाला १९७० च्या दशकात बांधलेली दोन धरणे होती. ती नीट दुरुस्त केली नाहीत तर मोठ्या पुरात शहरावर संकट येईल, असे तिथल्याच एका जलशास्त्रज्ञाने २०२२ मध्ये शोधनिबंधात मांडले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘डॅनियल’ वादळ आले. जवळच्या अल-बैदा इथे २४ तासांत ४१४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, दोन्ही धरणे रात्री फुटली आणि हजारो माणसे समुद्रात वाहून गेली. अभ्यास होता. तो धरणाची देखभाल करणाऱ्या हातांपर्यंत जाण्याची वाट नव्हती. वाट का नव्हती याची कारणे राजकीय होती, आणि ती विज्ञानाने सुटत नाहीत हेही मान्य करायला हवे.

आता अंदाजाकडे येते. हवामानशास्त्रज्ञ पावसाचा अंदाज देतो, जलशास्त्रज्ञ त्या पावसाचे नदीत काय होईल ते काढतो. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते दहा कोटी लिटर पाणी होते. त्यातले किती नदीत येईल हे जमिनीवर अवलंबून. कोरडी, भेगाळलेली माती बरेच पिऊन टाकते; आठवडाभर भिजलेली माती जवळजवळ काहीच घेत नाही; डांबर आणि काँक्रीट तर मुळीच नाही. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला जो पाऊस नुसता सुखावतो तोच शेवटी गावात पाणी घालतो. म्हणूनच “एवढा पाऊस तर मागेही झाला होता” या वाक्यावर कधी विसंबू नये. आमच्या गणिती प्रारूपात, म्हणजे पावसावरून नदीचे पाणी काढणाऱ्या संगणकातल्या समीकरणांत, मातीतला ओलावा हा पावसाइतकाच मोलाचा आकडा असतो, आणि तो नीट मिळणे पावसापेक्षाही कठीण.

वेळेचा हिशेब नदीनदीगणिक वेगळा. मोठी, लांब नदी असेल तर वरच्या केंद्रावर चढलेले पाणी खाली पोचायला काही दिवस घेते. नुसत्या वरच्या नोंदी बघूनही चांगला इशारा देता येतो. अट एवढीच, की वरचा शेजारी नोंदी द्यायला राजी हवा. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांचे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणलोट क्षेत्र बांगलादेशाच्या सीमेबाहेर आहे. त्या देशाचा पूर-अंदाज म्हणजे शेजाऱ्यांचे आकडे, उपग्रह आणि जागतिक प्रारूपे यांची जुळवाजुळव. याउलट डोंगरातला ओढा असेल तर पाऊस पडल्यापासून लोंढा येईपर्यंत तासभरही मिळत नाही. तिथे नदी मोजून इशारा द्यायचा म्हटले तर उशीर झालेला असतो, म्हणून रडारवर ढग बघून पुढच्या दोन-तीन तासांचा पाऊस सांगावा लागतो. दरडींचेही तसेच: अमुक तासांत अमुक पाऊस झाला की उतार धोक्यात, अशा मर्यादा ठरवून हाँगकाँग १९७७ पासून दरडींचे इशारे देत आले आहे.

अंदाज सुधारले आहेत का? नक्कीच. दर दशकाला साधारण एक दिवस, असे या क्षेत्रात म्हटले जाते: पूर्वी तीन दिवस आधीचा अंदाज जेवढा खरा ठरायचा, तेवढा दहा वर्षांनी चार दिवस आधीचा ठरू लागला. उपग्रह, वेगवान संगणक आणि निरीक्षणे प्रारूपात बसवण्याची पद्धत, या तिन्हींचे हे श्रेय. आता शिकणाऱ्या यंत्रांची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, प्रारूपेही आली. मध्यम मुदतीच्या अंदाजांसाठीच्या युरोपीय केंद्राने असे एक प्रारूप फेब्रुवारी २०२५ पासून रोजच्या कामात घेतले. ती वेगवान आहेत, पुष्कळदा अचूकही. पण ती शिकतात जुन्या नोंदींवर, आणि आपत्ती बहुधा जुन्या नोंदींबाहेरची असते. म्हणून मी त्यांना भौतिकशास्त्रावर चालणाऱ्या प्रारूपांच्या जोडीला वापरते, जागी नाही.

अनिश्चितता लपवली की काय होते, याचे आमच्या धंद्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्स शहराचे आहे. १९९७ च्या वसंतात रेड नदीची पातळी ४९ फुटांपर्यंत जाईल असा अंदाज दिला गेला. लोकांनी त्यावर दोन-तीन फूट जास्तीचे धरून बांध वाढवले आणि निश्चिंत झाले. पाणी ५४ फुटांच्या वर गेले. शहर जवळजवळ रिकामे करावे लागले. इतक्या आगाऊ दिलेल्या अंदाजात पाच फुटांची चूक काही अघटित नव्हती. आधीच्या वर्षांचे अंदाज ताडून पाहिले असते तर एवढा फरक पडू शकतो हे दिसले असते. पण सांगितला गेला तो एकच आकडा, आणि एकच आकडा ऐकला की माणूस त्याला कमाल मर्यादा समजतो.

त्यावरचा उपाय म्हणजे एकाच अंदाजाऐवजी अनेक अंदाज चालवणे. आजची हवा आपल्याला पूर्ण अचूक ठाऊक नसते, म्हणून सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून तेच प्रारूप पुनःपुन्हा चालवतात. वर सांगितलेल्या युरोपीय केंद्रात असे ५१ अंदाज एकत्र चालतात. त्यांतले ४५ जण नदी धोका पातळीच्या वर नेत असतील तर एक गोष्ट, आठच नेत असतील तर दुसरी. आणि आठ म्हणजे “काळजीचे कारण नाही” असे नव्हे. इथे खरा प्रश्न सुरू होतो: किती शक्यता असली म्हणजे हालचाल करायची?

याचे उत्तर शास्त्रज्ञाने एकट्याने द्यायचे नसते. समजा एका पंपघरातले यंत्र उंचावर हलवायचा खर्च एक रुपया धरला आणि ते बुडाले तर दहा रुपयांचे नुकसान. मग पुराची शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली की हलवलेले बरे. दहांतून नऊ वेळा उगीच हलवले असे झाले तरी एकूण हिशेब तोट्याचा नाही. पण संपूर्ण शहर हलवायचे असेल तर खर्च प्रचंड, गर्दीत अपघात, रुग्णांचे हाल, त्यामुळे शक्यता बरीच जास्त असावी लागते. म्हणजे एकाच अंदाजावर पंपवाल्याने आज हलायचे आणि शहराने उद्यापर्यंत थांबायचे, आणि दोघांचेही बरोबर. हे कोष्टक प्रत्येकाबरोबर आधी बसून बनवावे लागते. शाळा, रुग्णालय, परिवहन, गुरे पाळणारे, मासेमारी करणारे, प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. अशा बैठकांत मी बोलते कमी. “तुम्हाला तयारीला किती तास लागतात?” हा एक प्रश्न विचारते आणि उत्तर लिहून घेते. गुरे हलवायला बारा तास लागत असतील तर सहा तास आधीचा अचूक इशारा त्यांच्या काहीच कामाचा नाही; चोवीस तास आधीचा ढोबळ इशारा सोन्यासारखा.

धरणाचा प्रश्न याच जातीचा, फक्त जास्त तापलेला. पूर अडवायचा तर जलाशयात जागा रिकामी हवी, आणि पाणीपुरवठ्यासाठी तो भरलेला हवा. मोठ्या पावसाचा अंदाज पाहून आधी पाणी सोडले आणि पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात जबाबदार कोण? सोडले नाही आणि पाऊस आला, तर सांडव्यावरून एकदम सोडावे लागते आणि खालची गावे धरणाला दोष देतात. कॅलिफोर्नियातल्या लेक मेंडोसिनोवर हवामानशास्त्रज्ञ, जलशास्त्रज्ञ आणि धरण चालवणारे अभियंते यांनी एकत्र बसून अंदाजावर आधारलेले परिचालनाचे नियम तपासले. पाच-सात दिवस आधीच्या अंदाजावर भरवसा ठेवता येत असेल तर जास्त पाणी साठवायचे, वादळ दिसले की वेळेत सोडायचे. यातली खुबी अशी, की निर्णय त्या रात्री एका अभियंत्याच्या छातीवर पडत नाही. नियम आधी लिहिलेला असतो.

इशाऱ्याच्या मजकुराबद्दल थोडे. “२४ तासांत २०० मिलिमीटर पावसाची शक्यता” हे वाक्य आम्हाला पुष्कळ सांगते, बाकी कुणाला काही नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत जगभर पावसाऐवजी परिणाम सांगण्याकडे कल गेला आहे. जागतिक हवामान संघटनेने २०१५ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. कोणता रस्ता बुडेल, कोणत्या वस्तीत पाणी शिरेल, केव्हा, आणि तुम्ही काय करायचे. अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरावर २२ मे २०११ रोजी टोर्नेडो आला तेव्हा भोंगे वाजले होते. नंतरच्या पाहणीत दिसले की बऱ्याच जणांनी पहिला भोंगा ऐकून आसरा घेतला नाही; भोंगे नेहमीच वाजायचे. त्यांनी खिडकीतून पाहिले, टीव्ही लावला, कुणाला तरी विचारले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. एका इशाऱ्यावर कुणी पळत नाही, दुसऱ्या मार्गाने खात्री करून घेतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला मूर्खपणा म्हणणाऱ्या शास्त्रज्ञांवर मी चिडते. खात्री करून घ्यायचा दुसरा मार्ग आपणच उपलब्ध करून द्यावा. रेडिओ, फोन, शिक्षक, सरपंच किंवा नगरसेवक, सगळ्यांकडून एकच मजकूर एकाच वेळी गेला की लोक लवकर हलतात.

आणि तो मजकूर रात्रीही पोचला पाहिजे. १९५३ मध्ये ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राच्या वादळी लाटेने नेदरलँड्सचे बांध फोडले. हवामान संस्थेने त्या दिवशी धोकादायक पाण्याचा इशारा दिला होता. पण शनिवारची रात्र होती आणि रेडिओचे प्रसारण रात्री बंद होत असे. १,८३६ माणसे बुडाली. त्यानंतर त्या देशाने समुद्रबांधांचा अवाढव्य प्रकल्प उभारला आणि पुढे नद्यांनाही पसरायला जागा करून दिली. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तो प्रकल्प असतो. बंद रेडिओ क्वचितच.

शेवटच्या माणसापर्यंत जाण्याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र श्रीमंत देशातले नाही. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन ते पाच लाख माणसे मेली असे मानले जाते. त्यानंतर तिथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा राहिला: स्वयंसेवक, निशाणे, कर्णे, आणि किनाऱ्यावर उंच खांबांवरची निवारागृहे. १९९१ च्या वादळात तरी सुमारे १ लाख ४० हजार गेले. त्यात बायका पुरुषांच्या मानाने फार होत्या. निवारा दूर, आत वेगळी जागा नाही, परक्या पुरुषांत रात्र काढायची नाही, मुलांना घेऊन पोहता येत नाही, नवऱ्याला विचारल्याशिवाय घर सोडायचे नाही. शिवाय गुरे सोडून कोण जाणार? वादळ ओसरल्यावर जगायचे ते त्यांच्यावरच. म्हणून पुढच्या काळात निवाऱ्यात बायकांसाठी वेगळ्या खोल्या, जनावरांसाठी मातीचे उंच चौथरे आणि मोठ्या संख्येने स्त्री स्वयंसेवक आले. आज स्वयंसेवकांची संख्या ७५ हजारांच्या वर आहे. २००७ मध्ये ‘सिद्र’ या तितक्याच भीषण जातीच्या वादळात मृत्यू सुमारे ३,४०० झाले. ३,४०० हा काही लहान आकडा नाही, पण १९७० च्या शेजारी ठेवून बघा. उपग्रह आणि प्रारूपे या काळात सुधारलीच. पण जनावरांच्या चौथऱ्याचे श्रेय मी त्यांच्या बरोबरीने देईन.

उष्णतेची लाट दिसत नाही, म्हणून ती आपत्ती वाटत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५ हजार जास्त मृत्यू झाले, बहुतेक वयस्क, बहुतेक एकटे राहणारे. पुढच्याच वर्षी तिथे इशारा व्यवस्था आली. तिचे उंबरठे तीन दिवसांच्या सरासरीवर आणि दिवसाच्या कमाल तापमानाइतकेच रात्रीच्या किमान तापमानावरही ठरवलेले आहेत, कारण रात्र थंड झाली नाही तर शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. हे आकडे हवामानशास्त्रज्ञाने एकट्याने काढलेले नाहीत. मृत्यूच्या नोंदी घेऊन बसलेल्या आरोग्यवाल्यांबरोबर काढले.

दुष्काळात नेमकी उलटी गंमत. इथे वेळ भरपूर असतो, महिनेच्या महिने, आणि तरीही बहुधा काही होत नाही. १९८४ च्या इथिओपियातल्या भीषण दुष्काळानंतर, १९८५ मध्ये, उपासमारीची पूर्वसूचना देणारे एक जाळे उभे राहिले. ते पाऊस, उपग्रहातून दिसणारी हिरवळ आणि बाजारभाव एकत्र पाहते. २०१० च्या उत्तरार्धापासून सोमालियाबद्दल त्याचे इशारे येत होते. मदत खऱ्या अर्थाने वाढली ती जुलै २०११ मध्ये तिथे उपासमारीचा दुष्काळ जाहीर झाल्यावर. तोवरच्या आणि नंतरच्या काळात मिळून सुमारे २ लाख ६० हजार माणसे गेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले. यातून आता एक नवी पद्धत पुढे येते आहे: अंदाजाने ठरलेली मर्यादा ओलांडली की पैसा आपोआप मोकळा व्हायचा, कुणाच्या सहीची, टीव्हीवरच्या चित्रांची वाट बघायची नाही. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात पूर शिगेला पोचायच्या आधीच अशा रीतीने संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पैसे सुटले. मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांत आमच्या क्षेत्रात झालेली ही सर्वांत कामाची सुधारणा, आणि तिच्यात एकही नवे समीकरण नाही.

“इशारा दिला, आम्ही घर सोडले, काहीच झाले नाही” ही तक्रार येणारच. माझा अनुभव असा की लोक फुकट गेलेला इशारा माफ करतात, त्याचे स्पष्टीकरण न मिळणे माफ करत नाहीत. वादळ वळले तर का वळले, किती जवळून गेले, पुढच्या वेळी पुन्हा असे का सांगावे लागेल, हे दुसऱ्याच दिवशी येऊन सांगावे. तसेच वादळाच्या वाटेभोवती नकाशात जो शंकू काढतात त्याचा अर्थ आधी समजावून ठेवावा. तो वादळाचे केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे तेवढेच दाखवतो, आणि केंद्र त्याच्या बाहेर जाण्याची शक्यताही तीनांत एकाच्या आसपास असते. पाऊस आणि लाट शंकूच्या पार बाहेरही पोचतात. रेषेच्या बाहेर म्हणून निर्धास्त बसलेल्यांना याचा फटका बसलेला आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणी स्वतः गावच्या किंवा वस्तीच्या तयारीत असेल, तर शास्त्रज्ञांकडे जाताना “यंदा पूर येईल का” हे विचारू नका. त्याला खरे उत्तर नाही. आपल्या वरच्या अंगाला सर्वांत जवळचे मोजणी केंद्र कोणते, तिथले पाणी आपल्याकडे यायला किती तास, त्या केंद्राचा कोणता आकडा म्हणजे आपली शाळा बुडणे, आणि तो आकडा रात्री दोन वाजता ओलांडला तर फोन कुणाला येणार, हे विचारा. फोन उचलणारा माणूस बाहेरगावी असेल तर दुसरा कोण, हेही. आणि पूर येऊन गेलाच, तर भिंतीवरचा चिखलाचा काठ धुण्याआधी त्यावर तारीख आणि वेळ लिहून शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि तो जलशास्त्रज्ञांकडे पाठवा. अशा शंभर फोटोंवरून पुढचा नकाशा दुरुस्त करता येतो, आणि आमच्यातले कुणी दोन आठवड्यांनी येऊन पोचेपर्यंत त्या खुणा उरलेल्या नसतात.